मोकळे हात, कोरा रोजनामा

भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून टेकडीच्या अंगाला चढू लागले की हनुमान टेकडी, टेंभीपाडा, खिंडीपाडा अशा वस्त्या लागतात. उतारावर बांधलेली घरे, पायऱ्यांच्या गल्ल्या, समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरून उभे राहायचे. अशा गल्लीतून सोळा वर्षांच्या मुलाला पोलीस खाली घेऊन जातात तेव्हा त्याला कसे धरले आहे हे निम्मी वस्ती पाहते. बाल न्याय मंडळापुढे तो उभा राहण्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांनी, दुकानदारांनी, शाळेतल्या मित्रांनी आपापले मत बनवलेले असते.

या लेखात विचार करायचा आहे तो त्या धरण्याचा. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाला, म्हणजे सरकारी भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालकाला, ताब्यात घेताना, ने-आण करताना आणि न्यायासनापुढे उभे करताना बेडी, दोर किंवा नुसत्या हाताच्या पकडीने जखडता येते का? कायदा त्याला किती वाव देतो? आणि देत नसेल, तर ते थांबले आहे की नाही हे कळायचे कसे? माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडणे बरे. मुलांच्या बाबतीत आपला नियम पुष्कळ देशांहून कडक आहे, कारण तो बेडीला सरळ मनाई करतो. पण मनाई संपूर्ण असल्यामुळेच तिच्या पालनाची नोंद कोणी ठेवत नाही. जी गोष्ट करायचीच नाही, तिच्यासाठी नोंदवही कशाला, असा हा हिशेब आहे. त्यामुळे मुलाच्या मनगटावर काय होते हे कोणत्याही कागदावर उमटत नाही, आणि ज्याचा कागद नाही त्याचा जाबही कोणाला विचारता येत नाही.

प्रौढाची बेडी आणि मुलाची बेडी

बेडीविषयीचा आपला कायदा घडला तो प्रौढ कैद्यांच्या खटल्यांतून. १९७८ साली सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिहार तुरुंगातील दंडाबेडीची चिकित्सा केली. १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ल विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी बेडी ही सकृद्दर्शनीच अमानुष ठरवली. कैदी पळून जाण्याची उघड आणि खरीखुरी भीती असेल, दुसरा उपाय उरला नसेल, तरच बेडी. आणि तेव्हाही कारण लिहून ठेवायचे, न्यायाधीशाला दाखवायचे. त्याच निकालाने पंजाब पोलीस नियमांतील एक भेदही मोडून काढला. तिथे वरच्या वर्गातल्या कैद्याला बेडीतून सूट होती, सामान्य कैद्याला नव्हती. पैसेवाला पळत नाही आणि गरीब पळतो असे मानायला कसलाच आधार नाही, हे न्यायालयाने बजावले. भांडुपच्या टेकडीवरून या निकालाकडे पाहताना मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुढे गुवाहाटीच्या रुग्णालयात खाटेला बेड्यांनी अडकवलेल्या कैद्यांविषयी पत्रकार कुलदीप नय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातून १९९५ साली 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' प्रकरणाचा निकाल आला. तुरुंगातून न्यायालयात किंवा एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात नेताना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय बेडी घालायची नाही, घातली तर तो न्यायालयाचा अवमान. महाराष्ट्रातला धडा सोलापूरचा आहे. खुनाच्या संशयावरून पकडलेल्या रविकांत पाटील यांना पोलिसांनी बेड्या घालून भर रस्त्यातून फिरवले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याबद्दल १०,००० रुपयांची भरपाई दिली आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मात्र ती संबंधित अधिकाऱ्याने व्यक्तिशः नव्हे, तर राज्याने भरायची असे ठरवले.

या निकालांनी प्रौढ कैद्यासाठी एक कागद जन्माला घातला. पोलिसाने अर्ज करायचा, कारण द्यायचे, दंडाधिकाऱ्याने हो किंवा नाही लिहायचे. ही परवानगी यांत्रिकपणे मिळते अशी टीका करता येते, पण टीका करायला तरी कागद हाताशी असतो.

मुलांच्या बाबतीत वाट वेगळी झाली. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलम १० सांगते की मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला आठवा नियम त्याहून पुढे जातो. मुलाला ताब्यात घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला बेडी घालायची नाही, साखळीने बांधायचे नाही, अन्य कशाने जखडायचे नाही, त्याच्यावर बळ किंवा जबरदस्ती वापरायची नाही. कबुलीजबाबासाठी दडपण आणायचे नाही, कसल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात नव्हे, साध्या कपड्यांत असायचे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले, ते याच आराखड्यावर बेतलेले आहेत. इथे 'सबळ कारण असेल तर' अशी पळवाट नाही, दंडाधिकाऱ्याची परवानगीही नाही. आणि परवानगी नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून आदेश नाही.

त्याच वेळी प्रौढांसाठीचा कायदा उलट दिशेने सरकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने काही गुन्ह्यांत अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना बेडी वापरण्याचा अधिकार पोलिसांना दिला. खून, बलात्कार, ॲसिडहल्ला, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे, मुलांवरील लैंगिक गुन्हे, सराईत गुन्हेगार अशी ती यादी आहे. आता या यादीशेजारी बाल न्याय कायद्यातील 'घृणास्पद गुन्ह्यां'ची व्याख्या ठेवून पाहावी. किमान सात वर्षांची शिक्षा असलेले गुन्हे त्यात येतात, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असा आरोप असेल तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला प्रौढासारखा चालवता येतो. दोन्ही याद्या बऱ्याच अंशी एकमेकींवर पडतात. म्हणजे ज्या मुलाला बेडीपासून संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच बाबतीत पोलिसाच्या कानात नव्या संहितेची परवानगी घुमत असते. बाल न्याय कायद्याच्या कलम १(४) प्रमाणे मुलाला ताब्यात घेणे, अडकवून ठेवणे, त्याच्यावर खटला चालवणे या सर्व बाबतींत हाच विशेष कायदा वरचढ आहे, यात मला शंका वाटत नाही. पण मुलाला बेडी घालायची नाही असे स्पष्टपणे सांगणारे वाक्य मूळ कायद्यात नाही. बेडीबंदी नियमात आहे, कायद्यात नाही. आणि संहिता हा संसदेचा कायदा आहे. ठाणे अंमलदाराला वादाचा हा बारकावा रात्री दीड वाजता स्वतःच्या बुद्धीने सोडवायला लावणे बरोबर नाही.

नियमाला पडलेल्या फटी

नियमाचे शब्द नीट वाचले तर मनाई 'ताब्यात घेणाऱ्या' अधिकाऱ्याला केलेली दिसते. मुलाचा प्रवास मात्र ताब्यात घेण्यापाशी संपत नाही. तो पोलीस ठाण्यातून मंडळाकडे जातो, वैद्यकीय तपासणीला जातो, निरीक्षणगृहात जातो, तिथून तारखेला पुन्हा मंडळापुढे येतो, आणि प्रकरण बालन्यायालयाकडे गेले तर सत्र न्यायालयाच्या इमारतीत जातो. नंतरच्या प्रत्येक फेरीत त्याच्याबरोबर असतो तो वेगळा शिपाई, ज्याने त्याला ताब्यात घेतलेले नाही. कायद्याचा हेतू पाहता मनाई त्यालाही लागू आहे. परंतु हेतू समजून वागण्याची अपेक्षा ज्याच्याकडून करायची, त्याला नियमाचे शब्द तरी पूर्ण द्यायला हवेत.

दुसरी फट वयाची. टेकडीवरच्या कित्येक कुटुंबांची मुळे कोकणात, घाटावर, उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये असतात. मुलाने शाळा मध्येच सोडलेली असते, जन्मदाखला गावाला असतो किंवा कधी काढलेलाच नसतो. कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. हा क्रम पूर्ण व्हायला दिवस लागतात. मुलगा अंगाने थोराड असेल, मिसरूड फुटली असेल, तर तोवर तो 'वय वर्षे १९' म्हणून लिहिला जातो आणि मुलुंडच्या दंडाधिकारी न्यायालयात प्रौढ आरोपींच्या रांगेत उभा राहतो. आपण अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो, हे कलम ९ सांगते. दाव्याची चौकशी चालू असेपर्यंत त्याला सुरक्षित स्थानी ठेवण्याची सोयही त्याच कलमात आहे. राहण्याच्या जागेबाबत कायद्याने संशयाचा फायदा मुलाला दिला आहे. हातांबाबतही तो दिला पाहिजे: दावा केल्या क्षणापासून बेडी नाही.

तिसरी फट याच्या उलट टोकाची. गुन्ह्याच्या वेळी सतरा वर्षांचा असलेला मुलगा चौकशी लांबल्यामुळे एकोणीस वर्षांचा होतो. कलम ५ त्याला चौकशीपुरते मूलच मानते. पण दारात उभ्या असलेल्या शिपायाला दिसतो तो दाढीवाला तरुण.

आणि चौथी फट सर्वांत रुंद आहे. बेडी म्हटली की लोखंड डोळ्यांपुढे येते. लोखंडाची मनाई पोलिसांना माहीत आहे. म्हणून प्रश्न लोखंडापलीकडचा आहे: कमरेला बांधलेला दोर, मागून पकडलेली कॉलर, मनगटाची घट्ट पकड, दोन मुलांचे हात एकमेकांत गुंतवून चालवणे, पळू नये म्हणून चपला काढून घेणे. नियमातले 'अन्य कशाने जखडणे' हे शब्द यांतल्या बहुतेक गोष्टींना पुरून उरतात. माझ्या मते जखडण्याची व्याख्या साधनावरून नव्हे, परिणामावरून करावी. मुलाला स्वतःचे हात, पाय किंवा मान आपल्या इच्छेने हलवता येत नसेल, तर तो जखडलेला आहे, मग वस्तू लोखंडाची असो, सुताची असो की माणसाच्या बोटांची. रस्ता ओलांडताना लहानग्याचा हात धरणे यात बसत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चेहरा झाकण्याचा मुद्दा इथेच घ्यावा लागेल. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि ती पाळण्याचा सोपा उपाय म्हणून तोंडावर फडके किंवा बुरखा टाकला जातो. ओळख लपते, पण फडक्याखाली डोके झाकून, कोणाच्या तरी हाताला धरून चाललेला मुलगा पाहायला गर्दी जमतेच. ओळख राखायची तर मुलगा लोकांच्या नजरेलाच पडू नये: साध्या कपड्यांतला अधिकारी, खासगी दिसणारे वाहन, आणि गल्लीतून उतरताना बरोबर आई किंवा काका.

हवालदाराची भीती

पोलिसांचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. भांडुपच्या मुलाच्या डोळ्यांपुढे रिमांड होम, म्हणजे निरीक्षणगृह, म्हटले की डोंगरी हेच नाव असते. गाडी मिळाली नाही तर भांडुपहून तिथे जायचा सरळ रस्ता म्हणजे मध्य रेल्वेची धीमी लोकल, सँडहर्स्ट रोडला उतरायचे आणि पुढे चालायचे. सकाळच्या गर्दीत, घाटकोपर-कुर्ल्याला डब्यात लोटणाऱ्या माणसांमध्ये, सतरा वर्षांचा चपळ मुलगा निसटला तर त्याला शोधणार कुठे? आणि निसटला तर चौकशी शिपायाचीच. निष्काळजीपणामुळे ताब्यातला माणूस पळाला तर त्या सरकारी नोकरावर गुन्हाही दाखल होऊ शकतो. नोकरी, वेतनवाढ, निवृत्तिवेतन हे सगळे त्या एका मनगटाला टांगलेले असते. तो ते घट्ट धरणारच.

आता याच प्रश्नाची मुलाच्या बाजूची तरतूद पाहावी. निरीक्षणगृहातून किंवा ज्याच्या हवाली केले त्याच्याकडून मूल पळाले तर कलम २६ प्रमाणे त्याला २४ तासांत मंडळापुढे आणायचे, मंडळाने पळण्याचे कारण समजून घ्यायचे आणि योग्य तो आदेश करायचा; पळाल्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई करायची नाही. कायद्याने मुलाचे पळणे समजून घेतले आहे. घाबरलेले मूल पळते, आईची आठवण आलेले मूल पळते. ज्याच्या हातून ते पळाले, त्याच्यासाठी मात्र अशी समजूत कुठेच लिहिलेली नाही. मुलाला माफी आणि शिपायाला शिक्षा, या तफावतीतून ती घट्ट पकड येते. शिपायाला मूल जखडू नको म्हणायचे असेल, तर त्याने जखडले नाही आणि मूल निसटले, म्हणून त्याला शिक्षा होणार नाही, असा लेखी भरवसा गृहखात्याने दिला पाहिजे. पोलिसांना संवेदनशील करण्याची शिबिरे घेण्याआधी हे एक परिपत्रक निघाले तर मुलांच्या मनगटांवरची पकड अधिक सैल होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याहून मूलगामी उपाय नियमातच दडलेला आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आठवा नियम म्हणतो की मुलाला ताब्यात घेण्याचा अधिकार मुख्यतः घृणास्पद गुन्ह्यांतच वापरायचा. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत, मुलाच्या हितासाठी गरज नसेल तर, त्याला ताब्यात घ्यायचेच नाही. सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा आणि कोणत्या तारखेला हजर व्हायचे ते आईवडिलांना कळवायचे. म्हणजे मोबाइल किंवा भंगार चोरल्याचा आरोप असलेला टेंभीपाड्याचा मुलगा आईबरोबर, स्वतःच्या पायांनी, तिकीट काढून लोकलने मंडळापुढे यायला हवा. २०२२ साली देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, त्यांतले ४,४०६ महाराष्ट्रात. इतर कोणत्याही राज्याहून अधिक. यांतल्या किती मुलांना मुळात ताब्यात घेण्याची गरज होती, हा पहिला प्रश्न. पोलीस आणि मूल यांचा शारीरिक संबंधच आला नाही, तर जखडण्याचा प्रश्न उरत नाही.

ज्यांना ताब्यात घेतले जाते त्यांच्यासाठीही कलम १२ ने जामीन हाच नियम ठेवला आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, नाकारण्याची कारणे मोजकी आहेत. संध्याकाळी आईचा हात धरून घरी परतणारा मुलगा सकाळी कॉलरला धरून आणला गेलेला असतो. पुढे चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी वस्तीला सकाळच आठवते.

इथे पुण्याच्या कल्याणीनगरची आठवण टाळता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला मंडळाने काही तासांत जामीन दिला, त्यात ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि महाराष्ट्रभर संतापाची लाट उसळली. तो संताप समजण्यासारखा होता. दोन घरांतली मुले गेली होती. पण त्यानंतर अल्पवयीन आरोपींशी कठोर वागा अशी जी मागणी सरसकट होऊ लागली, तिचा भार बंगल्यातल्या मुलावर पडत नाही. त्याच्याबरोबर वकील असतो, गाडी असते, नातेवाईक असतात. भार पडतो तो टेकडीवरच्या मुलावर, ज्याच्याबरोबर एकटा शिपाई असतो. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलाला निरीक्षणगृहातून सोडून आत्याच्या हवाली करायला सांगितले, ते लोकक्षोभाने दबून न जाता कायदा सर्वांना सारखा लावायचा या भूमिकेतून. तोच कायदा भांडुपच्या मुलालाही तितक्याच काटेकोरपणे लागू व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

खोलीच्या आत

मंडळाची खोली कशी असावी हे कायद्याने बारकाईने ठरवले आहे. एक दंडाधिकारी, दोन समाजसेवक, त्यांत एक स्त्री. कलम ७ म्हणते की जागा मुलाला धाक वाटेल अशी नसावी, नेहमीच्या न्यायालयासारखी दिसू नये. नियम सांगतात की मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचे नाही, मुलामध्ये आणि मंडळामध्ये पिंजरा किंवा कठडा ठेवायचा नाही, न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात बैठक घ्यायची नाही.

या तरतुदींमागे मुंबईचा स्वतःचा मोठा इतिहास आहे. १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा, १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, आणि उमरखाडीचे निरीक्षणगृह, जे मुळात जुन्या डोंगरी तुरुंगाच्या वास्तूत आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले ते याच तुरुंगात. मानखुर्दच्या निरीक्षणगृहातील मुलांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी ऐंशीच्या दशकात लढा दिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांसाठीही त्यांनी वेगळी याचिका केली. मुले तुरुंगाबाहेर यावीत म्हणून या शहराने साठ-सत्तर वर्षे खटपट केली. ती बऱ्याच अंशी यशस्वी झाली, आणि त्यामुळेच आज बळाचा प्रश्न तुरुंगातून रस्त्यावर आणि दारावर आला आहे.

मुलगा दारातून आत येतो त्या दोन-तीन सेकंदांत काय घडते? समाजसेवक सदस्याने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल अजून उघडलेला नाही. समोर येतो तो कोणाच्या तरी मुठीत मनगट असलेला मुलगा. हा धोकादायक असावा, नाहीतर असे का धरतील, हा विचार माणसाच्या मनात आपोआप येतो, कितीही शिकलेला असला तरी. कलम ३ मधले पहिलेच तत्त्व असे आहे की अठरा वर्षांखालील मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असे गृहीत धरायचे. जखडून आणलेले मूल पुरावा न देताच त्या गृहीतकाचा प्रतिवाद करते.

मुलाच्या बाजूनेही तितकेच नुकसान आहे. मंडळाला त्याच्याकडून ऐकायचे असते: शाळा का सोडली, घरी मारहाण होते का, कोणाच्या नादाने हे झाले, पोलिसांनी काही केले का. ज्याने आताच मनगट सोडले तो दोन हातांच्या अंतरावर उभा असताना यातला शेवटचा प्रश्न मुलाला विचारणे म्हणजे न विचारण्यासारखे आहे. आणि कलम १४(५) मंडळावर नेमके हेच बंधन घालते. चौकशी सुरू करताना मुलाला पोलिसांनी किंवा अन्य कोणी वाईट वागवलेले नाही याची मंडळाने स्वतः खात्री करून घ्यायची आणि वागवले असेल तर उपाय करायचा. त्या खात्रीसाठी नेणारा शिपाई खोलीबाहेर असला पाहिजे. हा नियम कुठेही छापलेला नसला तरी कायद्यातून सरळ निघतो.

अमेरिकेत हा वाद न्यायालयाच्या खोलीतच झाला, कारण तिथे मुलांना साखळदंडात न्यायाधीशापुढे आणण्याची प्रथाच होती. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तिला हरकत घेतली, फ्लोरिडाने २००९ मध्ये नियमच केला, २०१५ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने तिच्याविरुद्ध ठराव केला. तिथला मार्ग आपल्याहून वेगळा आहे: सरसकट मनाई नाही, पण प्रत्येक मुलाच्या बाबतीत न्यायाधीशाने कारण नोंदवल्याखेरीज साखळी नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९९० चे हवाना नियमही अपवाद ठेवतात आणि तो कायद्याने स्पष्टपणे ठरवलेला, थोड्या वेळापुरता आणि मानहानी न करणारा असावा म्हणतात. आपण अपवाद ठेवला नाही, ते चांगले केले. अपवादाचे दार एकदा उघडले की 'सराईत', 'आक्रमक', 'पळपुटा' हे शब्द तयारच असतात. पण त्यांच्याकडची नोंदीची शिस्त मात्र घ्यायला हवी.

नोंद कशी ठेवायची

त्यासाठी परदेशात पाहायचीही गरज नाही. भांडुपहून नाहूर, मुलुंड आणि मग ठाणे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात एखाद्या रुग्णाला बांधून ठेवायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९७ लागू होते. तात्काळ इजा टाळण्याचा तोच एक मार्ग उरला असेल तरच बांधता येते. मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते. कसे बांधले, का बांधले, किती वेळ, हे लगेच लिहावे लागते. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी पडतात म्हणून बांधता येत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते आणि दर महिन्याला अहवाल द्यावा लागतो. 'माणसे कमी पडतात म्हणून नाही' हे वाक्य पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. आजारी माणसाच्या बांधलेल्या हातांचा हिशेब आपण मागतो. मुलाच्या हातांचाही मागावा.

मुलांसाठी हा हिशेब परवानगीचा नसेल, कारण परवानगी द्यायचीच नाही. तो मंडळाच्या रोजनाम्यात असेल. प्रत्येक हजेरीच्या वेळी, पहिल्या आणि नंतरच्याही, सदस्याने मुलाला एकटे बसवून विचारायचे आणि उत्तर मुलाच्या शब्दांत लिहायचे: कोणी आणले, गणवेशात की साध्या कपड्यांत, कशाने आणले, वाटेत हात मोकळे होते का, चेहरा झाकला होता का. मनगटावर वण दिसला तर तोही लिहायचा आणि तपासणीला पाठवायचे. नकारार्थी उत्तरही लिहायचे, कारण हजार ओळींत 'हात मोकळे होते' असे लिहिलेले असेल तेव्हाच न लिहिलेली ओळ डोळ्यांत भरेल. उल्लंघन आढळले तर कलम ८(३) ने मंडळाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिलेलाच आहे, आणि ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागल्याबद्दल कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे अधिकार तसेच पडून राहतात ते वापरण्याजोगा कागद समोर येत नाही म्हणून.

यासाठी संसदेची वाट पाहायला नको. राज्याला नियम करण्याचा अधिकार आहे, २०१८ चे नियम त्याच अधिकारात झाले. त्यांत एक उपनियम घालावा: मनाई ताब्यात घेण्यापासून शेवटच्या आदेशापर्यंत प्रत्येक प्रवासाला, प्रत्येक इमारतीत, मुलाला नेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(३) मुलाला किंवा वयाचा दावा प्रलंबित असलेल्या व्यक्तीला लागू नाही, आणि हजेरीची वरील नोंद सक्तीची आहे. बालन्यायालयालाही ती तितकीच सक्तीची असावी. कलम १९ प्रमाणे प्रौढासारखा खटला चालवतानाही मुलाच्या विशेष गरजा आणि बालस्नेही वातावरण राखायचे आहे, आणि सत्र न्यायालयाच्या जिन्यावर गर्दीत नेला जाणारा सतरा वर्षांचा मुलगा त्या वातावरणाचाच भाग आहे.

एक आक्षेप येईल तो कामाच्या बोजाचा: तारखा तुंबलेल्या, सदस्य अर्धवेळ, त्यात हे आणखी एक. पाच प्रश्नांना दोन-तीन मिनिटे लागतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मंडळ रोज बसत नाही. रविवारी किंवा सणाच्या सुट्टीत भांडुप पोलीस मुलाला घेऊन निघतात तेव्हा कलम ७ प्रमाणे त्याला एकट्या सदस्यापुढे हजर करता येते, आणि अशा वेळी ना खोली असते, ना लिपिक, ना रोजनामा. म्हणून तो प्रश्नांचा कागद रोजनाम्याला जोडून न ठेवता प्रत्येक सदस्याकडे स्वतंत्र छापील नमुना म्हणून द्यावा, त्यावर मुलाची सही किंवा अंगठा न घेता फक्त सदस्याची सही आणि वेळ असावी, आणि पहिल्या बैठकीच्या दिवशी तो फाइलला लागला नसेल तर ती हजेरी पूर्ण झाली असे धरू नये.